बोटीची मोटर : वेग आवरा, बॅटरी राखा

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हीही त्याच मारतात. आपल्या बारूळच्या नाहीतर लिंबोटीच्या पाण्यावर असं काही करायचं म्हटलं, की कुणीतरी म्हणतंच, “वल्हं कशाला, बॅटरीची मोटर लावू.” धरणावर बोटीला परवानगी लागते, लाइफ जॅकेट लागतात, ते वेगळं. पण मोटरीसाठी कर्ज काढण्याआधी तिचा वेग कमीजास्त कसा होतो, ते समजून घ्या. पैसा तिथंच वाचतो, नाहीतर तिथंच जळतो.

घरातला 750 वॅटचा मिक्सर 230 व्होल्टवर सव्वातीन अँपिअर करंट घेतो. तेवढ्याच ताकदीची मोटर 12 व्होल्टच्या बॅटरीवर 62 अँपिअर ओढते! त्याला साधं बटण, बारीक वायर टिकत नाही. ढिला नटसुद्धा लई तापतो. हीच मोटर 48 व्होल्टची घेतली तर करंट 16 अँपिअरच्या आत येतो. म्हणून व्होल्ट आधी विचारा, किंमत नंतर.

आता वेग. जुना डबा-रेग्युलेटर आठवा, फॅन हळू केला की तो गरम व्हायचा. पंख्याला न दिलेली वीज त्या डब्यात जळायची. बोटीत अशी सोय केली तर बॅटरी फुकट तापवण्यात जाते. आताचा कंट्रोलर मोटरीचा पुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. निम्मा वेळ चालू ठेवला की मोटरीला सरासरी निम्मेच व्होल्ट मिळतात, आणि मधल्या बंदमध्ये तिला थांबायला वेळच मिळत नाही. ई-रिक्षाचा कंट्रोलरही याच तत्त्वावर चालतो. घरच्या पंख्याचा रेग्युलेटर मात्र बोटीला लावू नका. तो एसीचा, बॅटरी डीसी.

बरं, हळू जाण्यात फायदा किती? पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. उलट वेग निम्मा केला की करंट 62 वरून आठ अँपिअरच्या आसपास येतो. 100 अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे पूर्ण वेगात ती जेमतेम पाऊण तास पुरते, निम्म्या वेगात सहा तास. पर्यटकांना तरी कुठं घाई असते!

कंट्रोलर मोटरीच्या करंटच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाजवळच बसवा. सुरुवात नेहमी शून्यावरून, हळूहळू. धरणात जुनी जाळी, शेवाळ असतंच. ते पंख्यात गुंतलं की मोटर अडते आणि करंट एकदम कितीतरी पट वाढतो. बोट अडल्यासारखी वाटली की वेग वाढवून बघू नका. आधी मुख्य स्विच बंद करा, बॅटरीची वायर काढा, मगच पंख्याला हात लावा.