बोलीत जपलेली वाट

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात मढी नावाचे गाव आहे. तेथील गडावर कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे मोठी यात्रा भरते. गाढवांचा बाजार हे या यात्रेचे एक वैशिष्ट्य होय. अनेक भटक्या जमातींचे लोक येथे एकत्र येतात. म्हणूनच मढीला 'भटक्यांची पंढरी' असे म्हणतात.

हे लोक बाजारात मराठी बोलतात. पण घरची भाषा बहुधा निराळी असते. दगड फोडून जाती आणि पाटे-वरवंटे घडविणाऱ्या वडारांची बोली तेलुगूच्या जवळची आहे. टोपल्या विणणाऱ्या कैकाड्यांची बोली तमिळशी नाते सांगते. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी व गुजराती भाषांची बहीण शोभते.

या लोकांचे पूर्वज कोठून आले? त्यांच्यापाशी ना बखरी आहेत, ना ताम्रपट. तरीही त्यांच्या इतिहासाचे एक साधन त्यांच्या जिभेवरच आहे. ते म्हणजे त्यांची बोली.

बाजारातील वस्तूंची नावे माणूस शेजाऱ्याकडून सहज उचलतो. परंतु क्रियापदांची रूपे, अंक आणि नात्यांचे शब्द तो सहसा सोडत नाही. गोरबोलीचेच पाहा. महाराष्ट्रातील बंजाऱ्यांनी मराठी शब्द घेतले, तर तेलंगणातील बंजाऱ्यांनी तेलुगू शब्द घेतले. पण मराठीत जेथे 'आहे' म्हणतात, तेथे दोन्हीकडचे बंजारा 'छ' असेच म्हणतात. गुजरातीत यालाच 'छे', तर राजस्थानातील ढुंढाडी बोलीत 'छै' म्हणतात. एवढ्याशा शब्दाने उत्तरेकडची वाट दाखविली!

या वाटेने बंजारा दक्षिणेत आले ते बैलांचे तांडे घेऊन. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ते गावोगाव पोहोचवीत. मोगलांच्या फौजांनाही ते धान्य पुरवीत. एकोणिसाव्या शतकात पक्क्या सडका व आगगाड्या आल्या आणि त्यांचा हा व्यवसाय बुडाला. त्यातच १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केला. आईच्या पोटी जन्म घेणे हाच ज्याचा अपराध, त्याने न्याय कोठे मागावा? स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या कलंकातून त्यांची मुक्तता झाली. म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात. कायदा गेला, तरी लोकांच्या मनातील संशय एकाएकी गेला नाही. परक्यांसमोर घरची बोली बोलण्याची लाज वाटू लागली, तर बोली हळूहळू मुकी होते.

बोली मुकी होणे म्हणजे काय, हे अमेरिकेतील ओसेज लोकांनी अनुभवले आहे. ओसेज, ओमाहा, पोंका, कान्सा आणि क्वापा या पाच जमातींच्या भाषा एकमेकींशी इतक्या जुळतात, की त्यांचे पूर्वज एकेकाळी एकत्र राहत होते, असे विद्वान मानतात. ते ओहायो नदीच्या खोऱ्यातून मिसिसिपी नदीकडे आले आणि तेथे त्यांची ताटातूट झाली, अशी त्यांची परंपरा सांगते. 'ओमाहा' म्हणजे प्रवाहाच्या उलट गेलेले आणि 'क्वापा' म्हणजे प्रवाहाबरोबर गेलेले. नावांतच प्रवास साठविला आहे! पुढे ओसेज मुलांना शाळांतून इंग्रजीच बोलावयास लावण्यात आले. लहानपणापासून ओसेज बोलत आलेली शेवटची व्यक्ती २००५ साली निवर्तली. पण ओसेज लोकांनी धीर सोडला नाही. २००६ साली त्यांनी आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली आणि आज त्यांची मुले ती शिकत आहेत.

आपल्याकडच्या बोली अजून बोलल्या जातात, हे आपले भाग्य होय. आपल्या वर्गातील एखादे मूल घरी आईला 'याडी' म्हणत असेल, तर त्याला हसू नये. त्या एका शब्दामागे शेकडो कोसांची वाट उभी आहे.

स्वाध्याय
१. 'छ' या शब्दावरून बंजाऱ्यांविषयी कोणती माहिती मिळते?
२. 'विमुक्त' हे नाव कशामुळे पडले?
३. तुमच्या आजीच्या बोलण्यातील, पुस्तकात न आढळणारे पाच शब्द लिहून आणा.