विसापूरची घळ

विसापूर गडाच्या घळीतल्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात पाणी वाहतं, म्हणूनच आम्ही ती वाट निवडली. जुलैमधला रविवार होता, सोबत सोळा वर्षांची पुतणी. मळवलीला लोकलमधून उतरून भाजे गावात भजी खाल्ली, लेणी निवांत पाहिली. घळीला लागलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. पहिली चूक तीच.

चढताना पाणी घोट्याएवढं आणि नितळ होतं. वर मात्र दाट धुकं. विसापूरचं पठार भलंमोठं आहे. तटबंदी शोधत भरकटलो आणि साडेचारला परत घळीच्या तोंडाशी आलो, तेव्हा पायऱ्या दिसतच नव्हत्या. पाणी गुडघ्याला लागत होतं, रंग चहासारखा झाला होता. तरीही मी उतरायला लागले. अंधार पडेल, लोकल चुकेल, एवढंच डोक्यात होतं. पाचव्या-सहाव्या पायरीला पुतणीचा पाय सरकला आणि ती माझ्या शेजारून घसरत गेली. एका धोंड्याला अडकली म्हणून थांबली. मनगट मोडलं होतं.

वर म्हशी घेऊन आलेल्या एका बाबांनी आमच्या हाका ऐकल्या. घोंगडीचं टोक खाली सोडून त्यांनी आम्हाला ओढून घेतलं. “पानी लाल झाल्यावर ह्या वाटंनं उतरायचं नसतंय, ताई,” एवढंच म्हणाले आणि पाटण गावाच्या बाजूने आम्हाला खाली घेऊन गेले. पैसे घेतले नाहीत.

पाणी इतकं का वाढलं, ते मला नंतर उमगलं. आम्ही उभ्या होतो तिथे पावसाचा जोर वाढलाच नव्हता. पण वरच्या अख्ख्या पठाराचं पाणी अशा दोन-चार घळींतूनच खाली येतं, आणि ही वाट नेमकी त्यातल्या एका घळीत आहे. पाणी मातकट झालं, पाला-काटक्या वाहत आल्या, की समजावं, लोंढा निघाला आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तीही आधी कमी पाण्यातच उभी होती.

शेजारच्या लोहगडावर चारही दरवाजे आणि पायऱ्यांची बांधीव वाट अजून शाबूत आहे. विसापूर त्याच्याहून उंच. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, मग लोहगड लढवणं शक्यच राहिलं नाही. विसापूरचे दरवाजे त्यांनी उद्ध्वस्त केले, तिथे लोहगडासारखी शाबूत वाट उरली नाही. म्हणून लहान मुलं, वयस्क माणसं सोबत असतील तर पावसात लोहगडच करा, तोही आडवारी. तिथेही विंचूकाट्याच्या अरुंद सोंडेवर धुक्यात जाऊ नका. आणि दोन्ही गडांवर तटावर चढू नका. पावसाने चिरे सुटलेले असतात.

विसापूरच करायचा असेल तर भाज्यातून किंवा पाटणमधून वाट माहीत असलेला माणूस सोबत घ्या, त्याची योग्य मजुरी द्या. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढतं; निघण्याआधी चौकशी करा, आदेश असेल तर बेत सोडा. गुळगुळीत तळाचे बूट नकोत. छत्रीही नको, हात मोकळे हवेत. वर मोबाइलची रेंज धरून चालू नका. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, ते घरी सांगून ठेवा.

पुतणीचं मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. ती पुन्हा गडावर जाते, मीही जाते. पण आता पहाटेच्या लोकलने. तुम्हीही दुपारी बाराच्या आत गड उतरायला लागा. आणि घळीत पाणी गढूळ दिसलं, तर पाऊलही टाकू नका, वरच थांबा.