निदान आधी, उपचार मागून

घरातील दिवा एकाएकी विझला, म्हणजे शहाणा मनुष्य प्रथम शेजारच्या घराकडे पाहतो. तेथेही अंधार असेल, तर दोष बाहेरचा. उजेड असेल, तर दोष आपल्या घरातला. मग तो फ्यूज पाहतो, नंतर बटण आणि शेवटी दिवा. अशा रीतीने एकेक शक्यता बाजूला सारीत दोषाच्या मुळाशी जाणे, यालाच निदान म्हणतात. वैद्याप्रमाणेच यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही ते करावे लागते. लॅपटॉपमध्ये विजेमुळे बिघाड झाला असता त्याचे निदान कसे करतात, ते या पाठात पाहू.

लॅपटॉपचा प्राण म्हणजे त्याच्या पोटातील मदरबोर्ड नावाची पाटी. पूर्वी यंत्रातील भाग सुट्या तारांनी एकमेकांस जोडीत असत. व्हिएन्ना येथे जन्मलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये, तारांऐवजी पाटीवरच तांब्याच्या रेषा उमटवून एक रेडिओ तयार केला. आजच्या पाटीत अशा रेषांचे अनेक थर एकावर एक बसविलेले असतात. आणि तिच्यावरील कित्येक भाग मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात.

पुष्कळशा लॅपटॉपच्या चार्जरमधून या पाटीला १९ किंवा २० व्होल्ट दाबाची वीज मिळते. परंतु नाजूक भागांना एवढा दाब सोसत नाही. म्हणून तो पायरीपायरीने उतरवून कोठे ५, तर कोठे ३.३ व्होल्ट केला जातो. गणिताचे सारे काम करणाऱ्या प्रोसेसरला तर साधारण १ व्होल्टच पुरतो. धरणाचे पाणी जसे कालव्यातून पाटात आणि पाटातून वाफ्यात जाते, तशीच ही व्यवस्था आहे. मधला एखादा दरवाजा फुटला, तर वरचा सारा लोंढा वाफ्यात शिरून पीक बुडते. त्याचप्रमाणे वरचा दाब थेट प्रोसेसरवर आला, तर तो कायमचा निकामी होऊ शकतो.

समजा, लॅपटॉपवर चहाचा पेला कलंडला. पुष्कळ जण तो कापडाने पुसतात, तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि वाळला असे समजून पुन्हा सुरू करतात. ही मोठी चूक होय. पाणी उडून गेले, तरी त्यात विरघळलेले क्षार आणि साखर पाटीवरच राहतात. त्यांत थोडा ओलावा असला, की त्यांतून वीज वाहू लागते आणि तांबे झिजते. चार्जर काढला, तरी बॅटरी हे काम आतून चालूच ठेवते. म्हणून यंत्र त्वरित बंद करून बॅटरी सोडवून घेणे आणि पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ धुणे, हाच पहिला उपचार. मात्र हे काम जाणकारानेच करावे; लिथियमची बॅटरी चेपली अथवा तिला छिद्र पडले, तर ती पेट घेते.

आता कारागीर भिंग घेऊन पाटी न्याहाळतो. हिरवट बुरशीसारखा थर, काळवंडलेला भाग, तडा गेलेला कपॅसिटर ही बाहेरून दिसणारी लक्षणे. त्यानंतर तो मल्टीमीटरने मुख्य वाटेचा रोध मोजतो. निरोगी पाटीत हा रोध बराच मोठा असतो. समजा, तो अवघा अर्धा ओहम भरला. याचा अर्थ असा, की वीज आपले काम न करता कोठेतरी आडवाटेने निसटत आहे. यालाच कारागीर ‘शॉर्ट’ म्हणतात.

परंतु त्या वाटेवर डझनावारी कपॅसिटर असतात. त्यांतला दोषी कोणता? येथे ओहमचा नियम साहाय्यास येतो. कारागीर त्या वाटेस १९ नव्हे, तर केवळ १ व्होल्ट दाब देतो. १ ला अर्ध्याने भागले असता २ अँपिअर प्रवाह मिळतो आणि २ वॉट उष्णता निर्माण होते. तिचा बराच भाग दोषी कपॅसिटरमध्येच साठतो व तो दाण्याएवढा भाग तापू लागतो. पाटीवर अल्कोहोल शिंपडले असेल, तर ते प्रथम नेमके तेथूनच उडून जाते. चोर आपल्या पावलांनी सापडावा, तसा तो सापडतो!

मग गरम हवेने कथिलाचा जोड वितळवून तो भाग अलगद उचलतात. शिसेविरहित जोड सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणून शेजारचे भाग भाजू नयेत, याची काळजी घ्यावी लागते. रोध पुन्हा मोजून तो वाढल्याची खात्री झाली, म्हणजेच तेवढ्याच क्षमतेचा नवा भाग बसवितात.

उतावळा कारागीर मात्र जळालेला फ्यूज पाहताच त्याच्या जागी तार जोडतो. फ्यूज हा रोग नव्हे. तो प्राण देऊन इशारा देणारा पहारेकरी आहे. त्याला डावलून वीज सोडली, तर चार पैशांच्या कपॅसिटरपायी सारी पाटी जळून जाते. काही लॅपटॉपमध्ये माहिती साठविणारे भागही पाटीवरच जोडलेले असतात. अशा वेळी कोणाचा प्रबंध, कोणाच्या दुकानाचा हिशेब, कोणाच्या दिवंगत आईची छायाचित्रे एका क्षणात नाहीशी होतात.

२०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लक्ष टन विद्युत् कचरा निर्माण झाला. त्यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याची आहे. प्रत्येक वस्तू दुरुस्त होतेच असे नाही. प्रोसेसरच जळाला असेल, तर निरुपाय होतो. तथापि टाकून देण्यापूर्वी दोष कोठे आहे, एवढे तरी विचारावे. आधी पाहावे, मग मोजावे, मग विचार करावा आणि सर्वांत शेवटी हात घालावा. हा क्रम ज्याने अंगी बाणविला, त्याच्या हातून यंत्रेच काय, पण अन्य कामेही सहसा बिघडत नाहीत.

स्वाध्याय

१. लॅपटॉपमधील वीजव्यवस्थेला कालव्याची उपमा का दिली आहे?
२. ओला लॅपटॉप नुसता वाळविणे पुरेसे का नाही?
३. दोषी कपॅसिटर शोधताना केवळ १ व्होल्ट दाब का देतात?
४. ‘फ्यूज हा रोग नव्हे’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.