सारसाचं आत्मवृत्त आणि सारसाची माहिती

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. शाळेने सारस पक्ष्याची माहिती लिहून आणायला सांगितली, तर त्याने ‘मी सारस बोलतोय’ लिहिलं! कसं शिकवू?
– एक आई, अमौसी, लखनौ

उत्तर : आत्मवृत्त फाडू नका, चांगलंच असेल. आपल्या शाळांनी निबंधाची सवय इतकी लावली आहे की पक्षी दिसला की मुलं त्याला बोलायलाच लावतात.

आधी त्याला लिहू देऊ नका, विचारू द्या. सारस कुठे राहतो? काय खातो? घरटं कुठे बांधतो? एका चिठ्ठीवर एकच उत्तर, मागे ते कुठून मिळालं याची नोंद. मग चिठ्ठ्या जमिनीवर पसरून एका विषयाच्या एकत्र करायला सांगा. प्रत्येक ढिगाचा एक परिच्छेद. खरं शिक्षण या वर्गवारीतच आहे, लेखन नंतर आपोआप सुटतं.

पहिलं वाक्य ओळख करून देणारं : ‘सारस हा क्रौंच कुळातील पक्षी असून तो उत्तर प्रदेशचा राज्यपक्षी आहे.’ मराठी विश्वकोशातल्या दोन-चार नोंदींची सुरुवात त्याला वाचून दाखवा. ‘खूप उंच’ लिहिलं, तर ‘म्हणजे किती?’ विचारा. ‘सुमारे १.८ मीटरपर्यंत’ हे उत्तर त्यालाच शोधू द्या. बाबांच्या उंचीशी तुलना तो स्वतःच करेल. ‘सुंदर’ऐवजी राखाडी अंग, लाल डोकं आणि मानेचा लाल वरचा भाग असं लिहायला सांगा.

गोंदियाच्या भातशेतीतही सारस आहेत. आजोळ तिकडचं असेल तर एक चिठ्ठी फोनवरून मिळवा.