नागसेनवनातील प्राचार्य : डॉ. म. ना. वानखेडे

मी बँकेत काउंटरवर बसतो. शिष्यवृत्ती जमा झाली का, हे विचारायला आपली पुष्कळ मुले येतात. खाते पाहून मी रक्कम सांगतो आणि हळूच विचारतो, "यंदा अभ्यासाबाहेरचे काय वाचलेस?" बहुतेक जण खाली पाहतात. अशा वेळी मला डॉ. म. ना. वानखेडे आठवतात.

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि 1950 मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे दुसरे महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्यास 'मिलिंद' व परिसरास 'नागसेनवन' ही नावे मिळाली. राजा मिलिंद प्रश्न विचारी आणि भिक्खू नागसेन उत्तर देत. प्रश्न विचारणे हाच शिक्षणाचा पाया आहे, हे या नावांतच सांगितलेले आहे.

या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्यपद डॉ. वानखेडे यांनी भूषविले. त्यांचा जन्म 1924 चा. इंग्रजी वाङ्मयाचे हे अभ्यासक अमेरिकेस गेले व कवी वॉल्ट व्हिटमन यांच्यावर प्रबंध लिहून त्यांनी फ्लोरिडा विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. परत येताना त्यांनी केवळ पदवी आणली नाही. तेथील कृष्णवर्णीय लेखक आपले दुःख आपल्याच शब्दांत कसे मांडतात, हा विचारही त्यांनी सोबत आणला.

तेथेही शिक्षणाची वाट सोपी नव्हती. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ 1867 साली निघाले. पण त्याला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळाला तो 1926 मध्ये. त्यांचे नाव मॉर्डेकाय जॉन्सन. त्यांच्या कारकिर्दीत तेथे कायदा शिकलेल्या थरगुड मार्शल यांनी 1954 साली शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा ऐतिहासिक खटला जिंकला आणि 1967 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. संस्थेचा प्रमुख पुढचा विचार करणारा असेल, तर एका वर्गखोलीतून देशाचा कायदा बदलू शकतो!

नागसेनवनात कायद्याऐवजी लेखणी घडली. खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरातील पहिल्याच शिकणाऱ्या मुलांना डॉ. वानखेडे यांनी लिहिते होण्याचे बळ दिले. आपले जगणे हा साहित्याचा विषय होऊ शकतो, हा विश्वास त्या काळी फार मोठा होता. डॉ. गंगाधर पानतावणे आदी सहकाऱ्यांसह त्यांच्या पुढाकाराने 1967 च्या सुमारास 'अस्मिता' नियतकालिक निघाले; तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांना त्याने व्यासपीठ दिले. नंतर डॉ. वानखेडे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले. 'दलितांचे विद्रोही वाङ्मय' हे त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

साखरखेर्ड्यापासून नागसेनवन काही फार दूर नाही. सिंदखेडराजा, जालना ओलांडले की आलेच. पण अंतर मैलांचे नसते, वाचनाचे असते. शिष्यवृत्ती आपल्याला वर्गापर्यंत नेते. वर्गातून पुढे नेण्याचे काम प्रश्न आणि पुस्तक करतात. नोकरी मिळविणे आवश्यकच आहे. मीही नोकरदारच आहे. परंतु केवळ नोकरदार घडविण्यासाठी बाबासाहेबांनी महाविद्यालये काढली नव्हती.

म्हणून एक नम्र सूचना. दर रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास वाचनाचा ठेवावा. एकाने वाचावे, इतरांनी प्रश्न विचारावेत आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाने स्वतःच्या घराविषयी एक पान लिहावे. डॉ. वानखेडे यांना हीच खरी आदरांजली ठरेल.

जयभीम!