कारखान्यात गुप्त माणूस नेमावा काय?



गळीत हंगाम सुरू झाला की पारावर कुजबुज सुरू होते. चिटबॉय तोडीसाठी पैसे मागतो, स्टोअरमधून माल जातो, काटा मारतात. वार्षिक सभेत मात्र पुराव्यानिशी कोणी उभे राहत नाही. मग सूचना येते की, "आपला एखादा माणूस गुपचूप आत घाला, म्हणजे कळेल कोण काय करतंय ते." सूचना टाकाऊ नाही. पण या उद्योगाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, तो आधी पाहू.

अमेरिकेत शिकागो येथे 1850 च्या सुमारास अ‍ॅलन पिंकर्टन याने खाजगी गुप्तहेर संस्था काढली. रेल्वे कंपन्या ही तिची सुरुवातीची मोठी गिऱ्हाइके. गाडीत भाडे गोळा करणारे काही कंडक्टर त्यातले पैसे खिशात घालीत. पिंकर्टनची माणसे साधे उतारू म्हणून डब्यात बसत, कोणी किती भाडे दिले ते मोजीत आणि कंडक्टरने कचेरीत भरलेल्या रकमेशी ताडून पाहत. कोणाला भरीस घालायचे नाही, दोन ठिकाणचे दोन आकडे शेजारी ठेवायचे, बस्स.

पुढे मात्र हा धंदा बिघडला. अमेरिकन सिनेटच्या ला फॉलेट समितीने 1936 पासून चौकशी केली, तेव्हा जनरल मोटर्स कंपनीने 1934 ते 1936 या काळात गुप्तहेर संस्थांना जवळजवळ दहा लाख डॉलर दिल्याचे उघड झाले. हे हेर चोऱ्या शोधीत नव्हते, तर कामगार संघटनेत कोण आहे याच्या बातम्या मालकाला पुरवीत होते. माझ्या मते यात एक साधी गोष्ट आहे. हेराचा पगार त्याच्या अहवालावर चालतो. काही सापडले नाही तर त्याची गरज संपते, म्हणून तो काहीतरी लिहितोच. संघटनेच्या कामात अशी ढवळाढवळ करणे आपल्या राज्यात 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरविले आहे. तेव्हा युनियनमध्ये माणूस घुसविण्याचा विचार संचालक मंडळाने मनातही आणू नये.

दुसरी अडचण चौकशीची. नोकरावर कारवाई करायची तर आरोपपत्र द्यावे लागते, पुरावा दाखवावा लागतो आणि साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. गुप्त माणूस समोर येणार नसेल तर त्याच्या चोपडीला किंमत किती? त्याला एक ना एक दिवस नावानिशी उभे राहावेच लागेल, आणि गावात राहायचे असेल तर हे सोपे नाही. लाच मागितली नसताना आपणच नोट पुढे करून माणूस पकडणे तर अगदीच चुकीचे. लाचलुचपत खाते सापळा लावते तेव्हाही मागणी झाली की नाही हे पंचांसमक्ष आधी पडताळते. नुसती नोट सापडली म्हणजे झाले असे नाही.

मग करायचे काय? पिंकर्टनची पहिली पद्धत काट्याला चांगली लागू पडते. वैधमापन खात्याच्या शिक्क्याने काटा बरोबर असल्याचे कळते, काट्यावरच्या माणसाचे नाही. एखादी भरलेली गाडी बाहेरच्या प्रमाणित काट्यावर तोलावी आणि नेहमीच्या रांगेतून आत आणावी. ऊस वाळतो, वाटेत मोळ्या पडतात, त्यामुळे दोन्ही वजनांत जास्त वेळ जाऊ देऊ नये. काट्यांतही थोडा फरक असतो. म्हणून एका खेपेवरून कोणावर बोट ठेवू नये. निरनिराळ्या पाळ्यांत, निरनिराळ्या गाड्यांनी हे करावे. रिकाम्या गाडीचे वजन तर हटकून पाहावे. ते दर खेपेला घेतले जाते की जुनाच आकडा टाकला जातो, यातच पुष्कळ कळते.

आणखी एक विचार करा. वजन कमी दाखवून काट्यावरच्या नोकराला काय मिळणार? फरकाचे टन तो कोणाच्या तरी खात्यावर टाकील तेव्हाच त्याचा फायदा. म्हणून शेतकी खात्याची ऊस नोंद आणि बिलातले टनेज जुळवून पाहावे. अर्ध्या एकराची नोंद आणि ऐंशी टनांचे बिल, असे दिसले की त्याच्या सगळ्या पावत्या काढाव्यात. याला गुप्तहेर लागत नाही, एक चिकाटीचा कारकून पुरतो. गैरप्रकार मोठा निघाला तर सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी आणि कलम 88 खाली नुकसानभरपाईची वसुली, हे मार्ग आहेतच.

पडताळणीची गाडी कोणती हे अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि गाडीसोबतचा सभासद यांच्याशिवाय कोणाला सांगू नये; ड्रायव्हरलाही बाहेरच्या काट्यापाशी पोचल्यावरच सांगावे. दोन्ही पावत्या त्याच दिवशी पाकिटात घालून, तारीख-वेळ लिहून, तिघांच्या सह्यांनिशी सीलबंद कराव्यात.