देह हाही गुरूच

भागवताच्या 11 व्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले 24 गुरू सांगतात. शेवटी म्हणतात, हा देहही माझा गुरूच. याच्याच आधारे मी तत्त्वचिंतन करतो. तरी तो परक्याचा आहे, हे ओळखून असतो.

तरुणपणी हे नुसतं कानावरून जातं. साठीनंतर सुईत दोरा ओवत नाही, अंधारात पायरी चुकते, तेव्हा आपणच म्हणतो, ‘आता हात ऐकत नाही.’ माझा म्हणायचा, तर माझं ऐकत का नाही? इथेच गुरूचा पाठ सुरू होतो.

मग देहाची हेळसांड करायची का? नाही. मागून आणलेली वस्तू आपण जास्तच जपतो. औषध वेळेवर घ्यावं, काठी धरायला लाजू नये, आणि जीभ चालते आहे तोवर नाम घ्यावं.

श्रीगुरुदेव दत्त!